थ्री-नॉट-थ्रीमधला ‘ली’

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बुलेटच्या टाकीवर ‘एनफील्ड’ लिहिलेलं असतं. पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलचं पूर्ण नावही ‘ली-एनफील्ड’च. यातलं एनफील्ड हे कुणा माणसाचं नाव नाही. ते लंडनच्या उत्तरेकडचं एक गाव आहे, तिथे सरकारी शस्त्र कारखाना होता. या कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम 1890 च्या दशकात एका सायकल कंपनीला मिळालं, तिने त्या मानाने स्वतःचं नाव रॉयल एनफील्ड ठेवलं, आणि पुढे बुलेट आली. थोडक्यात, गावाचं नाव मोटारसायकलवर बसून जगभर फिरतंय. पण ‘ली’? तो मात्र खराखुरा माणूस होता, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मलाही तो माहीत नव्हता. तिसऱ्या वर्षाला असताना एनसीसीच्या कोतातल्या डीपी रायफलींची लाकडं साफ करायचं काम आमच्या चौघांवर आलं, तेव्हा ओळख झाली. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. बॅरलला भोक पाडलेलं, फायरिंग पिन काढलेली. गोळी सुटण्याचा प्रश्नच नाही, फक्त परेडला खांद्यावर घ्यायची. युनिटमधून आलेले आर्मोरर उस्ताद शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि आम्ही व्हरांड्यात सतरंजीवर. माझ्या वाट्याला आलेल्या रायफलवर मुकुटाखाली जी.आर.आय., इशापूर आणि 1943 असं कोरलं होतं. जी.आर.आय. म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी वस्तू माझ्या मांडीवर होती!

आता लीची गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. जेम्स पॅरिस ली. जन्म 9 ऑगस्ट 1831, स्कॉटलंडमधलं हॉइक हे गाव. नावात पॅरिस असलं तरी फ्रान्सशी संबंध नाही. तो पाचेक वर्षांचा असताना कुटुंब बोटीने कॅनडाला गेलं आणि ऑन्टॅरिओमधल्या गॉल्ट गावी राहिलं. वडील घड्याळजी. पोरगा चाकं, स्प्रिंगा आणि कानशी यांच्यात वाढला. बाराव्या वर्षी त्याने पहिली बंदूक बनवली असं सांगतात. वडिलांच्या जुन्या घोडेस्वारी पिस्तुलाची नळी घेतली आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता स्वतः कोरला. बंदूक काही धड चालली नाही. पण मला गंमत वाटते ती ही की, ज्या माणसाची पुढे सगळी कीर्ती लोखंडाच्या कामावर झाली, त्याच्या पहिल्या बंदुकीत त्याचं स्वतःचं काम मुख्यतः लाकडाचं होतं.

पुढे तो घड्याळदुरुस्ती शिकला आणि 1850 मध्ये चॅटहॅम इथे स्वतःचं दुकान काढलं. घड्याळजी बंदुकीकडे वळला यात आश्चर्य वाटायला नको. दोन्हींत छोट्या भागांनी ठरलेल्या क्रमाने हलायचं असतं, मध्ये अडकलं की संपलं. काही वर्षांनी तो अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये गेला. 1861 मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. त्या वेळची स्प्रिंगफील्ड रायफल नळीच्या तोंडातून भरायची होती: दारू ओता, गोळी टाका, गजाने ठोका. मागून भरता येईल असा बदल लीने शोधला आणि 1862 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. मिलवॉकीत कंपनी उभी राहिली. 1865 मध्ये सैन्याकडून एक हजार कार्बाइनची ऑर्डर मिळाली.

आणि इथे माणूस बुडाला. माल तयार होत असताना नळीच्या व्यासावरून वाद निघाला. करारातला आकडा आणि बनवलेल्या नळीचा आकडा यांत इंचाच्या दोन शतांशाचा फरक होता. सरकारने माल नाकारला. तोवर युद्धही संपलं होतं, त्यामुळे सरकारला माल घ्यायची घाई उरली नव्हती. कंपनी थोडी वर्षं शिकारीच्या बंदुका विकून तग धरून राहिली आणि बंद पडली. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायला विसरलो की सर एक मार्क कापतात. लीचा अख्खा कारखाना एका आकड्यापायी गेला.

दुसरा कुणी असता तर परत घड्याळं दुरुस्त करायला बसला असता. ली वयाच्या चाळिशीत न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी रेमिंग्टनच्या कारखान्याकडे गेला. 1874 मध्ये त्याच्या एका नव्या एकबारी रायफलसाठी अमेरिकन काँग्रेसने दहा हजार डॉलर मंजूर केले. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात त्या रायफली बनल्या, पण संख्या दीडशेच्या आतच राहिली आणि सैन्याने ती घेतली नाही. दुसऱ्यांदा नकार.

या स्प्रिंगफील्डबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आमच्या मांडीवरच्या लाकडाचा तिथे थेट संबंध येतो. रायफलचा दस्ता हा विचित्र आकार आहे. कुठे गोल, कुठे चपटा, कुठे मनगटासारखा बारीक. सरळ लेथवर तो निघत नाही. 1819 च्या सुमारास थॉमस ब्लँचर्ड नावाच्या कारागिराने यासाठी नक्कल करणारा लेथ शोधला. एका बाजूला लोखंडी नमुना फिरतो, त्यावर एक चाक टेकून चालतं आणि त्याच हालचालीने दुसऱ्या बाजूचं हत्यार लाकूड कापतं. आपण वर्कशॉपमध्ये कॉपी टर्निंग म्हणतो त्याचाच हा आजोबा. 1850 च्या दशकात इंग्रजांनी ही यंत्रं अमेरिकेतून विकत घेऊन एनफील्डला बसवली.

लीचं खरं काम 1879 सालचं. त्या आधी एकापेक्षा जास्त गोळ्या भरायच्या तर बहुतेक रायफलींत नळीखाली दुसरी नळी असायची आणि गोळ्या एकामागे एक आडव्या झोपलेल्या. प्रत्येक गोळी उडाली की वजनाचा तोल बदलायचा; शिवाय एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, म्हणजे धक्क्याने आतच बार उडण्याची भीती. लीने पत्र्याची एक डबी केली, तळाशी स्प्रिंग ठेवली, गोळ्या एकावर एक रचल्या आणि डबी ट्रिगरच्या पुढे खालून बसवली. बोल्ट मागे गेला की स्प्रिंग वरची गोळी उचलून देते, बोल्ट पुढे आला की ती नळीत जाते. एवढंच! डबी काढता येते, बदलता येते. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लष्करी रायफलला खाली जी डबी लटकते, तिचं मूळ या घड्याळजीच्या कल्पनेत आहे.

तरी नशीब पाहा. अमेरिकन नौदलाने चाचणीसाठी 300 रायफली मागवल्या, काम शार्प्स कंपनीकडे गेलं, आणि ती कंपनीच मध्येच बंद पडली. मग रेमिंग्टनने ते काम पुरं केलं. अमेरिकन भूदलाने थोड्या रायफली चाचणीपुरत्या घेतल्या, पुढे काही नाही. मान मिळाला तो समुद्रापलीकडे. इंग्रजांनी बरीच वर्षं चाचण्या केल्या आणि डिसेंबर 1888 मध्ये लीचा बोल्ट, लीची डबी आणि विल्यम मेटफर्ड यांच्या आट्यांची नळी असलेली ली-मेटफर्ड स्वीकारली. थ्री-नॉट-थ्री म्हणजे नळीचा व्यास, 0.303 इंच. नंतर कॉर्डाइट दारू आली. ती इतकी गरम जळायची की मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजत. एनफील्डच्या कारखान्याने खोल आट्यांची नळी दिली आणि 1895 मध्ये मेटफर्ड जाऊन नावात एनफील्ड आलं. ली मात्र नावात टिकला.

सुरुवातीला साहेब लोकांना डबीची भीती वाटत होती. शिपाई दणादण गोळ्या उडवून संपवतील म्हणून गोळ्या अडवायला एक पत्र्याची पट्टी बसवली होती. शिपायाने एकेक गोळी हाताने भरायची आणि डबी आणीबाणीला राखायची. डबी हरवू नये म्हणून ती साखळीच्या कडीने बांधलीसुद्धा होती. पुढे याच रायफलीने मिनिटाला 15 नेमके बार काढायचा सराव इंग्रजांचे शिपाई करू लागले. कारण सोपं आहे. लीचा बोल्ट सुमारे 60 अंशातच उघडतो, जर्मन माउझरचा 90 अंशात. मनगटाचे तीस अंश वाचले.

हे सगळं उस्ताद सांगत होते असं समजू नका. ते तारखा सांगत नव्हते, हात दाखवत होते. तारखा मी नंतर लायब्ररीत शोधल्या. पण लीची कल्पना आणि इंग्रजांची गरज कुठे जोडली गेली ते मला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्यावर कळलं. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत आहे: मागचा दस्ता वेगळा, पुढचं फोर-एंड वेगळं. मध्ये बॉडीचा लोखंडी कप्पा आहे, दस्ता त्यात घुसतो आणि आतून एक लांब बोल्ट त्याला आवळतो. फायदा असा की शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे फक्त दस्ता बदलता येतो. नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि अगदी बुटक्यांसाठी एक इंच आखूड. माझ्या रायफलीच्या दस्त्यावर ‘एस’ होतं. म्हणजे 1943 मध्ये कुणीतरी माझ्यापेक्षा आखूड हाताच्या माणसासाठी तो निवडला होता.

पितळी बट प्लेटला एक झाकण असतं. आत तेलाची कुपी आणि नळी पुसायची दोरी, म्हणजे फुलथ्रू, ठेवायची जागा. त्याच भोकातून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून तो बोल्ट फिरवायचा. माझा हात तिकडे गेला तेवढ्यात उस्तादांनी थांबवलं. आधी फोर-एंड उतरवायचं, मगच दस्ता. का? तर त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते फोर-एंडच्या मागच्या टोकातल्या पट्टीत अडकतं, आपोआप सैल होऊ नये म्हणून. फोर-एंड जागेवर ठेवून बोल्ट फिरवला की चौकोन आतून लाकूड फाडतो. कोपऱ्यात चिरलेलं एक फोर-एंड पडलं होतं, कुणाच्या तरी घाईचा पुरावा. मशीन डिझाइनच्या तासाला लॉकिंगचे प्रकार पाठ केले होते, तो इथे प्रत्यक्ष दिसला.

लाकूड काळंकुट्ट होतं. साठेक वर्षांचं ग्रीस, घाम, धूळ आणि मध्ये केव्हातरी कुणीतरी मारलेलं चकचकीत वार्निश. इन्स्पेक्शन जवळ आलं होतं. वरून सूचना अशी होती की सँडपेपर मारा, वार्निश मारा, चकाकलं पाहिजे. उस्तादांचं मत साफ वेगळं होतं आणि मला ते पटलं. सँडपेपरने कडा गोल होतात, लाकूड लोखंडाच्या पातळीखाली जातं, आणि दस्त्यावरचे ठसे पुसले जातात. तो ‘एस’, कारखान्याचे छोटे शिक्के, हे एकदा गेले की गेले. पुढे त्या दस्त्याला माप राहत नाही. चौघांत यावर बरीच वादावादी झाली. दोघांचं म्हणणं, परेडची रायफल आहे, म्युझियमची नाही. शेवटी असं ठरलं की एक रायफल उस्तादांच्या पद्धतीने करून दाखवायची, बाकीचं नंतर बघू. ती रायफल माझी.

वार्निश आणि वरचं ग्रीस टर्पेंटाइन आणि नायलॉनच्या ब्रशने निघालं. ब्रश लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवायचा, आडवा नाही. आत मुरलेलं तेल असं निघत नाही. त्यासाठी खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप दिला आणि एप्रिलच्या उन्हात ठेवला. उन्हाने तेल पातळ होऊन वर येतं, खडू ते पितो. पांढरा लेप तासाभरात चहासारखा तपकिरी झाला. झटकून पुन्हा लेप, असं तीन वेळा. चौथ्यांदा तो जवळजवळ पांढराच राहिला आणि खालून अक्रोडाच्या रेषा दिसू लागल्या. हे नुसतं दिसण्यासाठी नसतं. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का फोर-एंडच्या मागच्या दोन छोट्या लाकडी खांद्यांवर बसतो. तिथलं लाकूड खनिज तेलाने भिजून मऊ पडलं की बॉडी हलायला लागते आणि नेम चुकतो. इशापूरवाल्यांनी फोर-एंड फाटू नये म्हणून त्यात आडवा स्क्रूही टाकला होता. आमच्या रायफलीला तो होता.

दस्त्यावर पोचे पुष्कळ होते. पोचा म्हणजे लाकडाचे तंतू दबलेले, तुटलेले नाहीत. ओलं सुती फडकं त्यावर ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत शिरते, तंतू फुगतात, पोचा वर येतो. इस्त्री हॉस्टेलचीच होती. रूमपार्टनरने नंतर शर्टवर तपकिरी डाग दाखवला, पण तो विषय वेगळा. जिथे तंतू कापले गेले होते त्या खाचा तशाच राहिल्या. त्या राहू द्याव्यात, असं माझंही मत आहे.

शेवटी कच्चं जवसाचं तेल. थेंब थेंब घेऊन तळहाताने घासायचं, तळवा गरम होईपर्यंत, आणि उरलेलं पुसून टाकायचं. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाकडाच्या आत घट्ट होतात. केमिस्ट्रीच्या पुस्तकात पॉलिमरायझेशन म्हणतात ते हेच. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, आपोआप पेटतात. आम्ही ती पाण्यात भिजवून तारेवर पसरून वाळवली. हात रोज एक, आठवडाभर. मग आठवड्याला एक. घाई चालत नाही.

आठवडाभर एक लाकूड हातात घासत राहिलं की डोक्यात काहीबाही येतं. 13 एप्रिल 1919 ला जालियनवाला बागेत 50 शिपायांनी ज्या रायफलींतून 1650 गोळ्या झाडल्या त्या याच घराण्यातल्या. सरकारी चौकशीत 379 मृत्यू धरले गेले. काँग्रेसच्या चौकशीत आकडा हजाराच्या घरात होता. हा हिशेब लीच्या नावावर टाकायचा का, यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत चर्चा झाली. एकाचं म्हणणं, डबी बनवणाऱ्याला काय माहीत. माझं म्हणणं, बाराव्या वर्षापासून बंदूक बनवणाऱ्याला बंदूक कशाला असते हे माहीत असतंच. याच बनावटीच्या रायफली दोन्ही महायुद्धांत भारतीय शिपायांनी खांद्यावर वागवल्या, त्यांची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनली. आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात याच जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या, समोर एके रायफली. त्या रात्री दर बारानंतर बोल्ट ओढणं म्हणजे काय असेल, ते मी ड्रिलच्या रायफलीचा बोल्ट ओढून बघितलं. हाताला जो वेळ लागतो तो लागतोच.

ली स्वतः म्हातारपणीही थांबला नव्हता. अमेरिकन नौदलाने 1895 मध्ये त्याची सहा मिलिमीटरची नवी रायफल घेतली. हिचा बोल्ट वळवायचा नव्हता, सरळ मागे ओढायचा. 24 फेब्रुवारी 1904 ला कनेक्टिकटमधल्या शॉर्ट बीच इथे तो वारला, वय 72. नळी आखूड करून केलेली नवी शॉर्ट ली-एनफील्ड नुकतीच सैन्यात येऊ लागली होती, आणि त्याच सुमारास बंगालमध्ये इशापूरला रायफलीचा कारखाना उभा राहत होता. आमची रायफल तिथलीच. आधीच्या रायफलींवर शॉर्टचं लघुरूप आणि पुढे ‘एल.ई.’ असा ठसा असायचा. 1926 मध्ये इंग्रजांनी नावांऐवजी नंबर दिले, म्हणून माझ्या रायफलीवर नुसतं नंबर एक, मार्क तीन. लीचा ‘एल’ गेलेला.

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी चकाकणाऱ्या रायफली सोडून आमची मॅट तपकिरी रायफल उचलली, दस्त्यावरून अंगठा फिरवला, ‘एस’वर थांबले आणि परत ठेवली. बोलले काहीच नाहीत. उरलेल्या रायफलींपैकी सहा पुढच्या बॅचने खडू-जवसाने केल्या, बाकीच्यांवर वार्निश आहे. इशापूरने 1960 च्या दशकात लीचाच बोल्ट ठेवून 7.62 मिलिमीटरची 2ए1 रायफल काढली, तिची डबीसुद्धा खालूनच बसते. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला.